खूणला माणसं पाहिजेत

रविवार, ८ जून

सकाळी श्रीहर्षचा फोन. मी दोडके चिरत होते, हात ओले, फोन खांद्यात धरून बोलले. म्हणाला, "उमाताई, आता नवीन माणसं घ्यायलाच पाहिजेत. आपल्या दोघांच्यानं खूण चालायची नाही."

मी म्हटलं, चालतीय की वर्षभर.

"चालत नाहीय ताई. पडून आहे."

पडून आहे म्हणे! फोन ठेवल्यावर सगळा राग दोडक्यांवर काढला. पुण्यात बसून बोलायला काय जातंय याचं. पण आहे ते तसंच आहे, वहीत तरी खोटं कशाला लिहू.

दर जूनला पोरांना पहिल्यापासून सांगायची सवय लागलीय, म्हणून इथंही पहिल्यापासून लिहिते. प्रोग्राम लिहिताना चुकलं की कॉम्प्युटर इंग्रजीत चार ओळी तोंडावर फेकतो. शिकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खूण त्या ओळी वाचते आणि मराठीत नाहीतर कन्नडमध्ये सांगते, कुठं चुकलं आणि कामून चुकलं. अरूनं केली ती. अरू म्हणजे अरुणकुमार, माझा धाकटा भाऊ. मी गणिताची. चाळिशीत कॉलेजनं माझ्या गळ्यात कॉम्प्युटर बांधला, आणि मी रोज संध्याकाळी त्याला पुण्याला फोन लावून रडायचे. शेवटी वैतागून त्यानं खूण लिहिली. म्हणून तिचं एकूण एक वाक्य मलाच उद्देशून आहे. "अक्का, हे नाव तू आधी ठेवलंच न्हाईस, आता मी कुठून आणू?" "अक्का, शून्यानं भागायलीस. गणिताची ना गं तू?" कन्नड निवडलं तरी अक्काच. पुढं त्यानं ती सगळ्यांना मोकळी केली. कोड कुणीही वाचावा, फुकट वापरावा, सुधारून पाठवावा. आत घ्यायचं का नाही, तेवढं आम्ही ठरवायचं. बिदर-कलबुर्गीकडच्या किती शाळांत ती चालते, मलाही पुरतं माहीत नाही.

गेल्या सप्टेंबरात डेंग्यूनं गेला तो. चौतीस वर्षांचा. आता खूणच्या किल्ल्या, म्हणजे बदल आत घ्यायचा हक्क, दोघांकडं. एक त्याचा दोस्त श्रीहर्ष, बिदरचाच मुलगा, आणि दुसरी मी.

ऑक्टोबरात पोरं शिकतात त्या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती येणार. चुका सांगायची तिची तऱ्हाच बदलणार आहे. म्हणजे खूणला त्या ओळखायच्या नाहीत, आणि ती गप्प बसणार. तोवर सगळी वाक्यं नव्यानं जुळवायची. श्रीहर्षला नोकरी, मला कॉलेज, घर आणि अप्पा, आमचे वडील. माणसं पाहिजेत, हे खरं.

गुरुवार, १९ जून

साइटवर खूणच्या पानावर आमंत्रण लिहून टाकलं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही. "या, कुणीही या. येत नसेल तरी या, शिकवू." श्रीहर्ष म्हणाला, फार छान झालंय ताई. मलाही छान वाटलं. जेवणं झाल्यावर दोनदा उघडून बघितलं.

रविवार, २९ जून

कुणी आलं नाही.

एक आला, तो लांबचा कुणीतरी. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं केला आणि खाली लिहिलं की मदत करणाऱ्यांत माझं नाव घाला. घातलं बापडं. आणखी एकानं तोच स्वल्पविराम परत होता तिथं ठेवला आणि तोही नाव घाला म्हणाला.

अप्पाला हे सांगितलं तर हसून हसून खोकला आला. अप्पाचं कापडाचं दुकान होतं, आयुष्य गिऱ्हाईक बोलावण्यात गेलं, त्यामुळं या विषयात त्याला फार कळतं असं त्याचं म्हणणं. म्हणाला, "बोर्डावर लिवून कोण जेवाय येतंय का उमव्वा? आवतण घरी जाऊन द्यावं लागतंय. आन् नुसतं आवतण देऊनबी भागत न्हाई. पानं मांडली की परत माणूस धाडावं लागतंय, चला म्हणून. त्या बोलावण्याबिगर उठंल का कोण?"

मग चिंताकीच्या आमच्या काकाची गोष्ट सांगितली. समोरच्या घरचं लग्न, आवतण आलेलं, काका धोतर नेसून सकाळपासून ओट्यावर बसला. पंक्तीवर पंक्ती उठायल्या, दुसरं बोलावणं काही आलं नाही. गडबडीत राहून गेलं त्यांच्याकडनं. काका संध्याकाळपर्यंत उपाशी बसला, पण पाय उचलला नाही, आणि त्या घराशी पुढं जन्मात बोलला नाही.

"गल्ली केवढी हो?" मी विचारलं.

"बैलगाडी जाईल येवढी," अप्पा म्हणाला.

म्हटलं ठीक आहे. उद्यापासून जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावते, एकेकाला, नाव घेऊन.

रविवार, १३ जुलै

सातजण आले! घरीच बोलावलं होतं. चुरमुऱ्याचा सुसला केला, वर शेव, चहा. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा, एकेकाला विचारायला, "तू कुणाचा रे?"

सहाजणांचं कळलं मला, सुसल्यासाठी आले होते. पण दानेश्वरी! चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याकडं होती, पहिल्या बाकावर बसायची, कधी हात वर करायची नाही. पेपर मात्र असा लिहायची की मी स्टाफरूममध्ये दाखवत फिरायचे. लग्न होऊन मंठाळला गेली. दोन बस बदलून आली बिचारी, मांडीवर दिराचा लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळलेला. खूणची आतली रचना मी समजावून सांगायले तर माझ्या पुढं पुढंच जायली. मध्येच हळूच म्हणाली, "मॅडम, वाक्यं कोडातच लिवलीत अरूसरांनी. येगळी काढून ठिवली तर बरं पडंल का?" मी म्हटलं, बघू.

निघताना चप्पल घालता घालता विचारलं तिनं, "मी घरी करून पाठवलं तर चालंल का?"

"चालंल म्हणजे? पळंल. तू पाठव, मी बघते आणि बोलावते तुला. इथंच बसून दोघी मिळून घालू."

फार बरं वाटायलंय आज. अरू असता तर म्हणाला असता, अक्का, एक तरी खरी विद्यार्थीण काढलीस.

शनिवार, २ ऑगस्ट

दानेश्वरीचा बदल आला. खाली एकच ओळ, "मॅडम, बघून बोलवा."

पान उघडलं तर सगळं लाल. साइटवर काढून टाकलेली ओळ लाल दिसते, नवी घातलेली हिरवी. वरपासून खालपर्यंत अरूची वाक्यं, एकूण एक लाल. अक्का, शून्यानं भागायलीस, लाल. अक्का, हे नाव तू, लाल. पुढं बघवलं नाही मला. लॅपटॉप मिटला आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

एवढी हुशार पोरगी, आणि हे केलं! माणूस गेल्याला वर्ष व्हायचंय अजून.

तिला काही बोलले नाही. रागात बोलू नये. दोन दिवस जाऊ दे, मग बघते.

रविवार, १७ ऑगस्ट

कलबुर्गीच्या एका मास्तरांनी लिहिलंय. सभ्य माणूस, पत्र लिहावं तसं लिहितात. म्हणणं असं की वर्गातली मुलं हसतात, कॉम्प्युटर त्यांना अक्का म्हणतो म्हणून. तेवढा शब्द काढता येईल का?

उत्तर दिलं, येणार नाही. ती मूळ कर्त्याची शैली आहे.

हसतात तर हसू देत की. हसत हसत चूक सुधारली तर बिघडलं काय? आणि कुणीतरी जांभळ्या रंगाचं चित्र पाठवलंय, खूणला शोभेल म्हणून. तेही नको म्हटलं. येणारा जो तो घराचे खांबच बदलायला बघतो. केर काढतो म्हणणारा एक भेटेना.

शनिवार, ३० ऑगस्ट

श्रीहर्षनं विचारलं, दानेश्वरीचं काय झालं? म्हटलं बघतेय. "महिना झाला ताई." म्हटलं गणपती होते, परीक्षा होत्या, बघते म्हटलं ना.

तिचाही काही फोन नाही, मेसेज नाही. गरज असती तर विचारलं नसतं का, मॅडम बघितलं का म्हणून? आजकालच्या पोरींना चिकाटीच नाही. एकदा पाठवलं की झालं यांचं. त्या सातांतले बाकी सहा तर व्हॉट्सअॅपच्या गटातनंच गेले. मी कुणाकुणाच्या मागं लागू?

श्रीहर्ष म्हणतो, तुम्ही आलेलं एकही मोठं काम आत घेतलेलं नाही. खोटं आहे ते. स्वल्पविराम घेतला होता.

गुरुवार, ११ सप्टेंबर

वर्ष झालं.

जंगमांना बोलावलं होतं, प्रसाद झाला, लोक जेवून गेले. दुपारी मी आणि अप्पा शेतात अरूच्या समाधीवर जाऊन आलो. अप्पा बराच वेळ उभा होता, मग म्हणाला, सोयाबीन बरं आलंय.

मला अरूची आठवण येते असं लोकांना सांगायची लाज वाटते, एवढी येते. गेल्या आठवड्यात फोन सगळा शोधला. त्याच्या बोलण्याचं एक रेकॉर्डिंग नाही माझ्याकडं. आम्ही फोनवर बोलायचो, बोलणं कोण साठवतंय? व्हॉट्सअॅपवर नुसतं "पोचलो", "जेवलो", "अप्पाला गोळी दे." तो जसा बोलायचा तसा आता फक्त खूणमध्ये आहे. त्या फाइलीत कुणालाही हात घालू द्यायचा, आणि मी वरनं या या म्हणायचं?

श्रीहर्षला हे कसं सांगू? तो म्हणेल, ताई, सॉफ्टवेअर आहे ते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कॉलेजातनं आले तर अप्पा आतल्या खोलीत, अरूच्या जुन्या लॅपटॉपसमोर, हात मांडीवर ठेवून बसलेला. मला बघून म्हणाला, "उमव्वा, आज अरू बोलंना झालाय."

वाटलं, झालं, अप्पाचं डोकं फिरलं. पदरानं त्याचं कपाळ पुसायला लागले तर हात झटकून म्हणाला, "मला काय झालंय? हे बघ की." आणि एका बोटानं टाइप करून दाखवलं. गेल्याच्या आधल्या दिवाळीत अरूनं त्याला प्रोग्रामची एक ओळ शिकवली होती, पडद्यावर गावाचं नाव छापायची. ती ओळ त्यानं लिहिली, चिटगुप्पा लिहिलं, आणि शेवटचा कंस मुद्दाम उघडाच ठेवला. बटण दाबलं. इंग्रजीच्या चार ओळी आल्या.

"रोज 'कंस उघडलास अक्का, बंद कोण करणार' म्हणायचा. आज हे काय बोलायलाय?"

नवी आवृत्ती आली होती. लॅपटॉपनं आपली आपण उतरवून घेतली, आणि खूण गप्प.

"रोज करता हे?" मी विचारलं.

"रोज जेवन झाल्यावर. बरोबर लिवलं तर काय बोलत न्हाई तो. चुकलं तरच बोलतोय."

वर्षभर! मी कॉलेजात असायचे आणि हा माणूस दुपारी इथं बसून चुका करायचा. मला वाटायचं झोपतो.

मी अप्पाला म्हटलं, दोन दिवसांत बोलता करते त्याला. म्हटलं खरं. पण कसं करणार, मला एकटीला येत नाही ते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दिवसभर फोन. औरादच्या शाळेतनं, कलबुर्गीच्या त्या मास्तरांचा, कुणाकुणाचा. खूण चालत नाहीय. चालत नाहीय हो, कळलं.

श्रीहर्ष पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "ताई, दानेश्वरीनं हेच सगळं ऑगस्टात करून दिलं होतं. नव्या आवृत्तीसाठीचं. तुम्ही बघते बघते म्हणालात म्हणून मी हात लावला नाही."

"तिनं अरूची वाक्यं काढून टाकलीत," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तुम्ही खालपर्यंत बघितलं का?"

बघितलं आज. पान उघडलं तर वर शिक्का, बंद. गेल्या महिन्यात तिनं आपला बदल स्वतःच मागं घेतला होता, कारण लिहिलं नव्हतं. लाल ओळींवरून खाली गेले, आणखी खाली गेले, लाल संपलं आणि हिरवं सुरू झालं. अरूची वाक्यं. एकूण एक, काना-मात्रेसकट. तिनं ती कोडातनं उचलून एका वेगळ्या फाइलीत नीट लावून ठेवली होती, जुलैत मला विचारलं होतं तसंच. हललेली ओळ जुन्या जागी लाल दिसते आणि नव्या जागी हिरवी. पोरांना शिकवते मी हे! फळ्यावर काढून शिकवते.

नव्या चुकांसाठी तिनं स्वतःची वाक्यं लिहिली होती. वाचली, आणि दोन ठिकाणी मला हसू आलं, अरूच्या वाक्यांना यायचं तसं.

अक्का मात्र कुठंच नव्हती. जिथं जिथं अक्का होतं तिथं तिनं जागा मोकळी ठेवली होती. पहिल्यांदा सुरू केलं की खूण विचारते, "तुला काय म्हणू?" जे लिहाल ते त्या जागी येतं. काही नाही लिहिलं तर वाक्य तसंच, हाकेशिवाय.

मी तिला बोलावते म्हटलं होतं. बोलावलं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

मंठाळला जाऊन आले. फोन करायची हिंमत झाली नाही, आणि बोलावणं फोनवर करायचंही नसतं.

अंगणभर सोयाबीन वाळत टाकलेलं. दानेश्वरी त्यातले खडे वेचत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला, नमस्काराला हात जोडून "शरणार्थी मॅडम" म्हणाली, आत चला म्हणाली. सासू, बसव्वा, तिनं चहा ठेवला. दोघी माझ्याशी इतक्या चांगल्या वागल्या की मला बसवेना.

पहिला प्रश्न दानेश्वरीनंच विचारला. "मॅडम, ते बघितलं का तुम्ही?"

"परवा बघितलं."

"मला वाटलं, आवडलं न्हाई."

मी म्हटलं, अगं मग विचारायचं की मला एकदा. एक फोन करायचास.

तिनं सासूकडं बघितलं. बसव्वाच बोलली, चहा गाळता गाळता. "कसं इचारंल बाई? तुमी बोलावते म्हणला होता. आवतण झालं होतं, दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत बसली. मी रोज इचारायची, आलं का गं मॅडमचं? ही म्हणायची, न्हाई अत्ती. दुसऱ्या दिशी, न्हाई अत्ती. धाकट्याचा लॅपटॉप ह्याच बोलीवर मागितला होता, काम हाय म्हणून. त्यो म्हणाया लागला, वहिनीला कोण बोलवायलंय? शेवटाला हैद्राबादला घेऊन गेला."

मला चिंताकीचा काका आठवला, धोतर नेसून ओट्यावर बसलेला. त्या गोष्टीला मी किती हसले होते.

मी दानेश्वरीचा हात धरला. म्हटलं, चुकलं माझं. आता चल. लॅपटॉप माझा घे, किल्लीही तुझ्याकडं देते, अरूची होती ती. तू सांभाळ, मी तुझ्या हाताखाली काम करते.

"पंगत उठल्यावर बोलावणं आणलं की वो बाई," बसव्वा म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दानेश्वरीनं हात सोडवून घेतला नाही, तसाच राहू दिला. "न्हाई मॅडम. घरात एकदा हसं झालं. परत तेच न्हाई करवत मला. बसवकल्याणात शिवणाचा क्लास लावलाय, तिथं बरं चाललंय." मग जरा वेळानं म्हणाली, "ते घ्या की तुमी पण. घालून टाका. मी बंद केलं म्हणजे पुसलं न्हाई."

"तू अक्का का काढलंस गं?" मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातनं गेलं.

ती चपापली. "काढलं न्हाई मॅडम. माझ्या दिराला मशीन अक्का म्हणायली, तो रुसला. म्हटलं, सरांनी तुमच्यासाठी केलं तसं ज्याला त्याला वाटू दे. ज्याला त्याला त्याच्या नावानं हाक मारू दे. तुमी अक्का लिवलं की तुमाला अक्काच म्हणंल की."

निघताना तिनं आणि सासूनं मिळून ओटी भरली माझी. बसमध्ये मांडीवर ते तांदूळ आणि खण घेऊन बसले आणि हुमनाबादपर्यंत रडत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून आलात का? व्हय म्हटलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

श्रीहर्षनं दानेश्वरीचा बदल परत उघडला. आत घ्यायचं बटण तू दाब म्हटलं तर नाही म्हणाला, "ताई, तुम्हीच."

दाबलं. अरूची जुनी फाइल गेली, नवी आली. बदल कुणी केला तिथं नाव दानेश्वरीचं. कुणाला काय माहीत ती कोण.

मग कलबुर्गीच्या मास्तरांना फोन लावला. झालंय म्हटलं, आता मुलांना त्यांच्या नावानं हाक मारेल. ते खूश झाले, म्हणाले, आम्हालाही काही काम द्या. म्हटलं देते, आणि लगेच दिलं. बघते म्हटलं नाही.

ती येणार नाही याचं मात्र काय करू? अशी दुसरी मला मिळायची नाही. माझ्या हातानं घालवली मी ती.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज मुद्दाम रजा घेतली. अप्पाचं जेवण झालं. मी अरूच्या लॅपटॉपवर नवी खूण घालून ठेवली होती. अप्पा चष्मा पुसून बसला.

खूणनं विचारलं, "तुला काय म्हणू?"

"हे काय इचारायलाय?" अप्पा.

"तुम्हाला काय म्हणून हाक मारू, विचारतीय."

अप्पानं माझ्याकडं बघितलं, मग एका बोटानं अप्पा लिहिलं. खाली गावाचं नाव छापायची ती ओळ लिहिली, कंस उघडा ठेवला आणि बटण दाबलं.

"कंस उघडलास अप्पा, बंद कोण करणार?"

अप्पानं ते मोठ्यानं वाचलं. परत वाचलं. म्हणाला, "मला अरे-तुरे करायलंय बेणं," आणि हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वर्षभरात अप्पा माझ्यासमोर रडला नव्हता, मातीच्या दिवशीही नाही. मी पाठीवर हात फिरवत उभी राहिले. मला चांगलं वाटलं आणि हेवाही वाटला. अप्पाचा हेवा! काय म्हणावं मला.

तो चारला झोपला तेव्हा मी माझा लॅपटॉप घेऊन बसले.

तुला काय म्हणू?

अक्का लिहिलं. बघत बसले. आता मला अक्का म्हणणारं कुणी नाही. श्रीहर्ष ताई म्हणतो, कॉलेजात मॅडम, अप्पाची मी उमव्वा. पण आपणच आपल्याला अक्का म्हण म्हणून लिहून द्यायचं आणि मग त्यानं म्हटलं असं समजायचं, हे मला जमेना. अप्पाला जमलं, चांगलं झालं. मी ते पुसलं. उमादेवी लिहिलं, तेही पुसलं. शेवटी जागा मोकळीच सोडून पुढं गेले.

मग शून्यानं भागून बघितलं. खूणनं चूक बरोबर दाखवली, ओळ बरोबर दाखवली. हाक तेवढी मारली नाही.